दसऱ्याची गाबोळी

नागोजीराव आमच्या प्राणिशास्त्र विभागात अटेंडर होते. पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात, स्वतः आठवी नापास. मी अग्रहारातल्या माध्व ब्राह्मण घरातली मुलगी, मासळीचा वासही न घेतलेली. तरी १९७४ साली मी डॉक्टरेटला विषय घेतला तो कावेरीतल्या एका बोटभर मासळीच्या प्रजननाचा. आईनं माझ्याशी बोलणं टाकलं. मासळी कशी धरायची, पोटाला कात्री कुठून लावायची, हे मला नागोजीरावांनी शिकवलं. हे कबूल करायला तेव्हा मला लाज वाटायची. आता मुळीच वाटत नाही.

दर महिन्याला ते कृष्णराजनगरहून मासळी आणत आणि मी मादीच्या पोटातली अंडी मोजत बसे. तीन वर्षांनी निष्कर्ष निघाला: ही मासळी वर्षातून एकदाच, पावसाळ्यात, अंडी घालते. प्रबंध टाइप करायला देणार, तोच नागोजीराव दारात घुटमळले.

"बाई, दसऱ्यालाही हिच्या पोटात गाबोळी असती. भरगच्च."

"कुणी सांगितलं?"

"सुम्ने, उगीच बोलत नाही मी. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी आमच्यात हीच मासळी करतात. साफ मीच करतो की."

स्वयंपाकघरातल्या गोष्टींचं शास्त्र होत नाही, असं म्हणून मी हसले. घरी येऊन वही उघडली आणि हसू जागच्या जागी विरलं. सप्टेंबरात पोटात मोजकी उरलीसुरली अंडी, नोव्हेंबरात पोटं रिकामी, आणि तिन्ही वर्षांचा ऑक्टोबर कोरा. दसऱ्याची महिनाभर सुट्टी. अख्खं म्हैसूर जंबू सवारी, हत्तींची मिरवणूक, बघायला रस्त्यावर आणि विभागाला कुलूप. मासळीला सुट्टी नसते, हे आम्हा शिकलेल्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी प्रबंध वर्षभर लांबवला. माझे मार्गदर्शक शेषगिरी सर चिडले, गाबोळीच्या नादी लागलीस म्हणाले. ज्यांनी जन्मात एक सवारी चुकवली नव्हती ते नागोजीराव त्या दसऱ्याला कोळ्यांबरोबर नदीत गुडघाभर पाण्यात उभे होते. चाळीस मासळ्या आणल्या. त्यातल्या एकतीस माद्या अंड्यांनी फुगलेल्या.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. "ही पावसाळ्यातली उरलेली अंडी कशावरून नाहीत?" मी वहीची पानं उलटू लागले. चार वर्षांचं काम त्या एका प्रश्नावर अडलं होतं.

चहाचा ट्रे घेऊन उभे असलेले नागोजीराव कन्नडमध्ये म्हणाले, "उरलेलं अंडं जिरत जातं, साहेब. चेमटतं, पांढुरकं पडतं, बोटाला चिकटतं. ही अंडी गोल होती, पिवळी, सुटी. पोट दाबलं की घरंगळत बाहेर येत होती."

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. "हे प्रबंधात का नाही?"

उठले ते शेषगिरी सर. वीस वर्षांत 'ए नागोजी' याखेरीज त्यांनी दुसरी हाक मारली नव्हती. त्यांनी स्वतःची खुर्ची पुढं सरकवली. "बसा, नागोजीराव. साहेबांना नीट सांगा."

नागोजीरावांनी ट्रे माझ्या हातात दिला, पाठ ताठ करून बसले आणि पाऊण तास बोलले. डॉक्टरेट मला मिळाली, पण मला अभिमान आहे तो त्या पाऊण तासाचा. त्या दिवशी सगळ्यांना चहा मी दिला. पहिला कप नागोजीरावांना.