सदतीस जोड

माझी धाकटी जाऊ एकतीस वर्षं एकाच कारखान्यात, एकाच खिडकीशेजारी बसून सोल्डरिंग, म्हणजे कथील वितळवून जोड देण्याचं काम, करत होती. ती लागली तेव्हा तिथे रेडिओ जुळवत. मग टीव्हीचे बोर्ड आले, मग टेलिफोन, मग रिमोट, आणि शेवटी बल्बमध्ये बसणाऱ्या बटणाएवढ्या चकत्या. नवी वस्तू आली की मालक म्हणायचे, आता मागे वळून बघायला नको. काही वर्षांनी तीच वस्तू बाहेरून स्वस्त येऊ लागली की बायकांना दुपारीच घरी पाठवायचे. अशा अर्ध्या दिवसांच्या नोंदी माझ्या रोजनिशीत पानोपानी आहेत. दोन वाजता फाटक वाजलं की मी काही विचारत नसे. तीच सांगायची, "वहिनी, आज देशाला बल्ब पुरे झाले."

गेल्या वर्षी सरकारने संरक्षणावरचा खर्च वाढवला आणि सैन्याच्या वस्तू शक्यतो देशातच करवून घ्यायचं ठरवलं. कारखान्याला वायरलेस संचातल्या बोर्डांचं काम मिळालं. भिंतींना रंग लागला, पांढरे कोट आले, अंगठ्या-बांगड्या घरी राहिल्या. अंगातली वीज बोर्डाला लागू नये म्हणून मनगटात पट्टी घालून तिची तार बाकड्याला जोडायची. धाकटी म्हणाली, "एकतीस वर्षं पळून गेले नाही, आणि आता दावं बांधतायत."

तिच्या समोर लांबडी बसायची. दोघी एकाच महिन्यात कामाला लागलेल्या. उंच म्हणून ती लांबडी, आणि तिच्या लेखी आमची धाकटी बुटकी. तीन वर्षांपूर्वी लांबडी मोठ्या तापातून उठली तेव्हापासून तिचा उजवा हात किंचित थरथरतो. कप धरताना कळत नाही, बारीक जोड मात्र कच्चा राहतो. तिच्या स्वतःच्या हे लक्षातच आलं नव्हतं, कारण तिचा एकही तुकडा कधी परत आला नाही. तो येत नव्हता, कारण जेवणाच्या सुट्टीत लांबडी हात धुवायला गेली की धाकटी तिचा ट्रे ओढून घ्यायची आणि कच्चे दिसतील तेवढे जोड पुन्हा तापवून ठेवायची. बल्बच्या कामात कोणी हरकत घेतली नसती. सैन्याचं काम आलं तरी तिने ते चालूच ठेवलं. मुद्दाम नाही, हातच तसा जायचा, असं ती म्हणते.

चौदा तारखेला, मंगळवारी, एकशे साठ बोर्डांचा पहिला गट सैन्याच्या तपासनीसाने अडवला. भिंगाखाली काही जोड दोनदा तापवलेले दिसत होते आणि कागदावर तशी एकही नोंद नव्हती. त्याने सगळ्यांना उभं करून विचारलं. शुक्रवारपर्यंत खुलासा झाला नाही तर सगळा गट मोडीत आणि पुढचं काम दुसऱ्या कारखान्याला, एवढं सांगून तो गेला.

संध्याकाळी धाकटी नियमांचा इंग्रजी कागद घेऊन माझ्याकडे आली. "तुम्ही सिस्टरांच्या इंग्रजी शाळेतल्या. वाचून दाखवा. आम्हाला समजावलं होतं म्हणे, पण तेव्हा जेवणाची घंटा झाली होती."

मी वाचलं. जोड पुन्हा तापवला तर कोणी, कोणता आणि कधी हे लिहायचं, म्हणजे पुढे बोर्ड बंद पडला तर नेमकं कुठे बघायचं ते कळेल.

"चांगला केला असला तरी लिहायचा?"

"तरीही."

"मग मी काय चोरी केली?"

"चोरी नाही गं. पण लिहिलं नाहीस."

ती कागदाच्या घड्या घालत बसली. मग म्हणाली, "सांगितलं तर लांबडीचं बाकडं जाईल. ते एक जाऊ दे. पण तिला माहीतच नाही हो! परवाच मला म्हणते, बुटके, बघ, या वयात माझ्या ट्रेमध्ये एक खोट निघत नाही."

"मग आधी तिला सांग, साहेबाला नंतर."

बुधवारी ती बसमध्ये लांबडीशेजारी बसून गेली आणि आली, पण जाता-येता तोंडात मिठाची गुळणी. गुरुवारी सकाळी तिने लांबडीला ओलांडलं आणि सरळ तपासनीसापुढे जाऊन उभी राहिली.

तो तिच्या मुलाच्या वयाचा. त्याने विचारलं, "मावशी, कोणकोणते बोर्ड?"

"आठवत नाही."

"मग काय उपयोग? कोणते ते कळल्याशिवाय गट सुटणार नाही."

"दाखवा मला. मी माझा जोड ओळखते."

तो हसला. "जोड कसा ओळखणार?"

"आईचं अक्षर ओळखता ना? तसा."

त्याने तिला भिंगापुढे बसवलं. सोल्डरिंगचं आयर्न उचलताना तिचा हात जरासा डावीकडे ओढला जातो, त्यामुळे तिच्या जोडाचा त्या बाजूचा उतार केसभर लांब असतो. गुरुवारचा दिवस आणि शुक्रवारची दुपार ती हजारो जोड बघत होती. एकोणीस बोर्डांवरचे सदतीस जोड तिने काढून दिले. तपासनीसाने आधीच अकरा जोड टिपून स्वतःजवळ ठेवले होते. ते अकराही त्यांत निघाले.

प्रत्येक बोर्डाच्या कागदावर तो कोणाच्या हातून आला ते लिहिलेलं असतं. शुक्रवारी तीनच्या सुमारास लांबडी मागे येऊन उभी राहिली आणि कागद एकेक करून वाचू लागली.

"सगळे माझेच?"

"हो."

"दुसरीचा एकही नाही?"

"नाही."

"मी म्हटलं होतं का गं तुला, माझं नीट कर म्हणून?"

"नाही."

"मग?"

धाकटीला डोळा भिंगावरून काढायचा धीर झाला नाही, असं तिने मला सांगितलं.

एकशे एक्केचाळीस बोर्ड सुटले आणि काम कारखान्यातच राहिलं. तपासनीस धाकटीला म्हणाला, "मावशी, असा हात मी पाहिला नाही," आणि तिला बाकड्यावरून उठवल्याच्या कागदावर सही केली. लांबडीच्या हाताची परीक्षा झाली, तिलाही उठवलं. आता दोघी एकाच टेबलावर समोरासमोर खोकी बांधतात.

सतरा दिवस लांबडी एक शब्द बोलली नाही. बसमध्येही दुसरीकडे बसायची. धाकटी घरी येऊन भाजी निवडायची ती तशीच, मान खाली घालून. अठराव्या दिवशी खोक्याला पट्टी चिकटवता चिकटवता लांबडीने विचारलं, "कधीपासून?"

सैन्याच्या कामापासून, असं म्हणून सुटता आलं असतं. तेच सांगायचं धाकटीने ठरवूनही ठेवलं होतं. पण तोंडातून निघालं, "तापातून उठलीस तेव्हापासून."

"म्हणजे बल्बही."

"बल्बही."

लांबडीने पट्टी कापली, नखाने दाबली. "टीव्हीच्या वेळी माझा हात चांगला होता."

"टीव्हीच्या वेळी तुझा हात माझ्याहून चांगला होता."

"होताच," लांबडी म्हणाली आणि पुढचं खोकं ओढलं.

हे धाकटीने मला घरी आल्या आल्या, चपलाही न काढता सांगितलं. मला वाटलं होतं, तिचा चेहरा जरा तरी उजळेल. तो नुसता दमलेला होता.

"मग आता बोलते ना तुझ्याशी?" मी विचारलं.

"बोलते. खोक्यांपुरतं." तिने भिंतीला टेकून चपला काढल्या. "दोघींच्याही निवृत्तीला अजून अकरा महिने आहेत, वहिनी."