डंपरशेजारचा फोटो

आळेफाट्याच्या अलीकडं एका हॉटेलवाल्यानं खाणीतला जुना डंपर आणून रस्त्याकडेला उभा केलाय, हे कळलं तसा डिंगोऱ्याहून मी एकटाच एस्टीनं गेलो. चंद्रपूरकडं कोळशाच्या खाणीत उभं आयुष्य मी असलाच डंपर चालवला. तिथं फोटोला बंदी. दिवाळीला घरी आलो की घरची विचारायची, "लई मोठा म्हंजे केवढा वो?" मी दोन्ही हात पसरायचो. "गप ऱ्हावा, उगा थापा मारू नका!" म्हणून ती हसायची. तिला एक फोटो दाखवायचा राहिलाच. मागच्या वर्षी ती गेली. तरी आता फोटो काढायचाच, असं मनात धरून गेलो होतो.

डंपरला भडक पिवळा रंग फासलेला, वर दिव्यांच्या माळा. ड्युटीवर हात लावायच्या आधी त्याच्याभोवती एक फेरी मारायची, टायर बघायचे, वाकून तेल गळतंय का बघायचं, ही आमची शिस्त. पाय आपोआप निघाले. मागं वळून बघतो तर काय, पुण्याकडचं एक कुटुंब चपला काढून, हात जोडून माझ्यामागं! प्रदक्षिणाच समजले की राव.

"अवो, देव न्हाई ह्यो!" मी खेकसलो. "डंपर हाय. मी चालवलाय असला."

"हो का काका?" त्यातली बाई म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. "मग आमचा एक फोटो काढा ना."

चौघं टायरापुढं उभे राहिले, मी फोटो काढला. कुठं चालवला, किती वर्षं, कुणी विचारलं नाही. लई एकटं वाटलं.

ते निघाले तेव्हा मीच लाज सोडून म्हटलं, "ताई, माझाबी एक काढा." माझा फोन साधा, बटणांचा. तिनं तिच्या फोनवर काढला आणि दाखवला. टायर पुरा आला होता, शेजारी मी एवढासा. हा बघून घरचीनं थापा म्हटलंच नसतं.

"कुठं पाठवू? नंबर सांगा."

मला माझा नंबर येत नाही. पाठ एकच, घरचीचा. खाणीवरून रोज ड्युटी सुटली की लावायचो. तोच सांगितला.

बाईनं दोनदा बघितलं. "काका, या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप दिसत नाही. नंबर बरोबर आहे ना?"

"बरोबर हाय," मी म्हटलं.