डाव्या पिळाची सळई

दशरथ लोहार माणूस तसा सरळ, पण 'माझं चुकलं' म्हणायची वेळ आली की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. जन्मभर लोखंड वाकवून पोट भरलं, स्वतःला मात्र तसूभर वाकता आलं नाही.

खाडीजवळच्या खारी गावात त्याचं छोटं दुकान होतं. रत्नागिरीहून आला तेव्हा धाकटा भाऊ धाकू बरोबर होता. चौऱ्याण्णव साली दोघांनी मिळून बेव्हर्ली पार्कातल्या एका सोसायटीचं कुंपण घडवलं. चौकोनी सळई तापवायची, शिकंज्यात धरायची आणि पान्याने तिला पीळ द्यायचा, असं ते काम. धाकू डावखुरा. त्याचा पीळ डावीकडे जायचा, दशरथचा उजवीकडे. फाटकाशेजारच्या एकोणीस सळ्या धाकूच्या हातच्या होत्या, आणि कुंपण उभं राहिल्यावर त्यांचा वेगळा पीळ लोकांच्या नजरेत आला.

"मिस्त्री, या उलट्या लागल्यात," कोणीतरी म्हणालं.

"त्यात काय मोठं? खालचं टोक वर केलं की सरळ," दशरथने तोऱ्यात सांगितलं. चार लोकांसमोर एक सळई काढून त्याने फिरवून लावली. पीळ डावाच. पुन्हा फिरवली. पुन्हा डावाच.

धाकूला हसू आलं. "दादा, फिरवून सरळ होत नाय तो. कुठून पण बघ, पीळ तोच ऱ्हातो."

लोकही हसले. त्या हसण्यात वाकडं काही नव्हतं, पण दशरथला ते मिरचीसारखं झोंबलं. दुकानात परतल्यावर तो म्हणाला, "उद्यापासून माझ्या भट्टीवर येऊ नको." धाकूने हातातली सांडशी खाली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी बायकोला, सुगंधाला घेऊन गावाला गेला. दशरथने अडवलं नाही. लवकरच परत येईल, असं त्याला वाटलं होतं. धाकूही त्याचाच भाऊ, तो कसला येतोय?

त्या सळ्या सोसायटीने तशाच राहू दिल्या. दर वर्षी दिवाळीनंतर कुंपणाची डागडुजी दशरथच करायचा. खाडीचा खारा वारा आणि बागेचं पाणी लोखंडाला पायापासून खातात. तो हातोडीने एकेक सळई वाजवून बघायचा. खणखणली तर गंज खरवडून रेड ऑक्साईड आणि वर काळा रंग. बद्द वाजली तर कुजका भाग कापून खाली नवा तुकडा जोडायचा. धाकूच्या सळ्यांना मात्र त्याने ही माया दाखवली नाही. त्यातली एखादी जरा बद्द वाजली की ती मुळासकट काढायची आणि तिथे आपल्या उजव्या पिळाची बसवायची. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा असा.

दोन हजार तीन साली गावाहून फोन आला. धाकू काविळीने गेला. दशरथ पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

"दर दिवाळीला विचारायचे," सुगंधा म्हणाली. "दादाने कुंपण रंगवलं असंल काय, म्हणायचे. तुमचं बोलावणं येईल म्हणून वाट बघत होते हो, भावजी."

दशरथला तिच्याकडे बघवलं नाही. परतल्यावर तो घरी न जाता थेट सोसायटीच्या फाटकाशी गेला आणि डाव्या पिळाच्या सळ्या मोजल्या. एकच उरली होती.

मग त्याने ती एक सळई जपली. तिच्या पायाला तीनदा जोड दिला. वर्षातून एकदा रंग बाकीच्यांना, तिला दोनदा. काम नसतानाही तो तिकडून जायचा आणि हात लावून यायचा. भाऊ गेला होता, पण त्याच्या हातचं काहीतरी अजून उभं होतं, एवढाच त्याला आधार होता.

दोन हजार सात साली दिवाळीनंतर त्याने हातोडी मारली आणि सळई वाजलीच नाही. गंज पिळापर्यंत चढला होता. दुसऱ्या ठोक्याला तिचे दोन तुकडे झाले. ते फडक्यात गुंडाळून दशरथ दुकानात आला.

त्याने नवी सळई तापवली. पाना फिरवला तर सवयीने पीळ उजवा पडला. ती बाजूला टाकली. दुसरी तापवली आणि या खेपेला तो शिकंज्याच्या पलीकडे, धाकूच्या जागेवर जाऊन उभा राहिला. पाना डाव्या हातात धरला. खांद्यातून कळा येत होत्या. पीळ वेडावाकडा पडला, कुठे घट्ट, कुठे सैल, पण डावा पडला.

सळई बसवून तो रंग देत होता, तेव्हा सोसायटीच्या नव्या सेक्रेटरी मृणालिनीताई बघायला आल्या.

"अहो दशरथ, ही एकच उलटी दिसतेय बघा. फिरवून घ्या ना."

"फिरवून सरळ होत नाय, मॅडम. कुठून पण बघा, पीळ तोच ऱ्हातो."

बोलून गेला आणि ब्रश हातातच राहिला. मृणालिनीताईंनी विचारलं, काय झालं, बरं वाटत नाही का?

"माझा भाऊ सांगत होता," तो म्हणाला. "त्याचंच बरोबर होतं. माझं चुकलं."

मृणालिनीताईंना वाटलं, तो सळईबद्दलच बोलतोय. "असू दे हो, एवढं काही वाईट नाही दिसत," असं म्हणून त्या वर गेल्या.