उजवा डोळा आधी

मी शाळेत नर्स आहे म्हटलं की लोकांना आधी आश्चर्य वाटतं आणि मग हेवा. "मजा आहे बाई तुझी, बसायची नोकरी," असं माझी नणंद गेली नऊ वर्षं न चुकता म्हणते. त्याआधी मी परळच्या एका मोठ्या इस्पितळात सर्जरीच्या वॉर्डात होते. गुडघ्यांनी राजीनामा दिला, त्यांच्यामागून मी दिला आणि लालबागच्या एका गल्लीतल्या मराठी शाळेत आले. जिन्याखालची खोली, एक खाट, एक वजनकाटा, एक बेसिन आणि एक कपाट. खाटेवर मुलं झोपतात आणि मी उभीच असते, हे नणंदेला सांगायचं मी आता सोडून दिलंय.

सकाळची प्रार्थना संपायच्या आत दोघं-तिघं दाराशी हजर असतात. पोट दुखतंय. पण पोटापोटात फरक असतो. काहीही न खाता आलेलं पोट वेगळं, चाळीतल्या सत्यनारायणाचा शिरा तीनदा रांग लावून खाल्लेलं पोट वेगळं आणि दुसऱ्या तासाला गणित आहे म्हणून दुखणारं पोट तर फारच वेगळं. गणपती झाले की आठवडाभर निम्म्या शाळेचा घसा बसलेला असतो. गॅदरिंगच्या दिवशी मी नर्स नसतेच, मी सेफ्टी पिना पुरवणारी बाई असते. आमच्या पीटीच्या सरांची बर्फावर गाढ श्रद्धा आहे. गुडघा फुटला, बर्फ. ताप आला, बर्फ. एकदा एका मुलाची उचकी थांबेना, तर त्यालाही "सिस्टरकडून बर्फ लावून घे" म्हणून पाठवला. कुठे लावू, हे सरांनाच विचारून ये म्हटलं. तो गेला, जिना चढून उतरून परत आला, तोवर उचकी थांबली होती. सर अजून त्याचं श्रेय बर्फाला देतात.

पालकांना फोन करणं हा आणखी एक खेळ. "ताप आहे? किती? एकशे एक? मग राहू दे ना सिस्टर तुमच्याकडेच, मी पाचला येतेच." सुरुवातीला मी फोनवर भांडायचे. मग त्यातल्या एकेक आया भेटत गेल्या. कुणी मॉलमध्ये दिवसभर उभी, कुणी तीन घरची कामं करून चौथ्या घरी निघालेली. मधूनच निघाली तर उद्या तिच्या जागी दुसरी कुणी. आता मी भांडत नाही. खाटेवरची चादर बदलते आणि मुलाला झोपवते.

मला एका गोष्टीचा मात्र गर्व होता. खोटं दुखणं मी दारातच ओळखायचे. पोट धरून कुणी आलं की मी विचारायचे, "समोर गरम वडे तळतायत, एक आणू का?" खरं दुखत असलेलं पोर तोंड फिरवतं. खोटं असलेलं आधी खिडकीकडे बघतं, मग म्हणतं, "अर्धा चालेल." स्टाफरूममध्ये हे मी अनेकदा रंगवून सांगितलंय. मला फसवणं सोपं नाही, असंही म्हटलंय. स्वतःच्या तोंडाने म्हटलंय, म्हणून इथे लिहिलं.

दर जुलैमध्ये डोळ्यांची तपासणी असते. माझ्या खोलीच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, समोर तीन मीटरवर खडूची रेघ आणि दाराबाहेर पॅसेजमध्ये मुलांची रांग. "उजवा डोळा आधी," असं मी म्हणायचे. डावा झाकायचा, वाचायचं. मग उजवा झाकायचा, परत वाचायचं. की पुढचा. एका दिवसात दोन तुकड्या संपवायच्या असतात, म्हणून मी तोंडाने "हं, पुढे" म्हणत हाताने कार्डं भरत असायचे. आमची मुलं पाठांतरात पटाईत. श्लोक म्हणावेत तसा तक्ता सुरात म्हणायची. मला त्याचं कौतुकच वाटायचं.

पाचवीतली एक मुलगी अशा सुरात म्हणणाऱ्यांत पहिली. तिची आई करी रोडच्या पुलाजवळ एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. पोर हुशार, शांत, विनाकारण माझ्या खोलीकडे कधी न फिरकणारी. दिवाळीच्या सुट्टीनंतर एके दिवशी ती आली ती खरंच काही झालं म्हणून. शाळेसमोर टॉवरचं बांधकाम चालू आहे, तिथली धूळ उडून उजव्या डोळ्यात कण गेला होता. मी डोळा धुतला, कण निघाला. पण डोळा लाल झाला होता, म्हणून वर गॉझ ठेवून चिकटपट्टी लावली आणि म्हटलं, "जा वर्गात, सुटेपर्यंत पट्टी काढू नकोस."

ती उठली आणि वजनकाट्यावर आपटली. मी बेसिनपाशी हात धूत होते. म्हटलं, "अगं सांभाळून." ती सरळ झाली आणि खुंटीला लटकवलेल्या माझ्या पांढऱ्या कोटाकडे तोंड करून म्हणाली, "सिस्टर, मी जाऊ?"

मला हसू आलं आणि रागही आला. एक डोळा झाकला की मुलांना नाटकं सुचतात, आंधळी कोशिंबीर खेळतात. "पुरे झाली नाटकं," मी पाठमोरीच म्हणाले. "एक डोळा उघडा आहे ना? समोरचा तक्ता वाच बघू."

तिने वाचला. वरच्या एका मोठ्या अक्षरापासून शेवटच्या ओळीतल्या मुंगीएवढ्या अक्षरांपर्यंत, सुरात, कुठेही न अडखळता. "बघ, एवढं बारीक दिसतंय आणि एवढा मोठा वजनकाटा दिसत नाही?" असं म्हणत मी हात पुसत वळले.

भिंतीवर तक्ता नव्हताच. कोपरे फाटले होते म्हणून मी तो आठ दिवसांपूर्वी लॅमिनेशनला दिला होता आणि ते विसरलेही होते. त्या खिळ्याला शिपाईमावशींनी एका किराणा दुकानाचं कॅलेंडर अडकवलं होतं.

हातातला टॉवेल तसाच राहिला. मी तिला खाटेवर बसवलं. "भिंतीवर काय आहे गं?"

"तक्ता."

"दिसतोय?"

"पांढरं पांढरं दिसतंय."

"मग वाचलास कसा?"

"पाठ आहे ना." तिच्या आवाजात भीती नव्हती, लपवाछपवी तर नव्हतीच. "उजव्या डोळ्याने आधी वाचलेला असतो. मग डाव्याच्या वेळी तेच म्हणायचं."

"आणि डाव्याने दिसत नाही, हे तू कुणाला सांगितलं नाहीस?"

तिने त्या उघड्या डाव्या डोळ्याने माझ्या दिशेला, माझ्या कानाच्या जरा बाजूला पाहिलं. मी असं काय विचारतेय, हे तिला कळेना. "डाव्या डोळ्याने कुठे कुणाला वाचता येतं, सिस्टर? डाव्या हाताने तरी आपण कुठे लिहितो?"

दहा वर्षांची मुलगी. उजवा हात कामाचा, डावा हात मदतीचा, तसंच डोळ्यांचं, असं समजून चाललेली. सगळ्यांचंच असं असतं, मग त्यात सांगण्यासारखं काय? तिने मला एकदाही फसवलं नव्हतं. वाच म्हटलं की ती वाचत होती. दरवर्षी उजव्या डोळ्याने तिला तक्ता शिकवायचा आणि डाव्याला तो म्हणून दाखवायला लावायचा, ही पद्धत माझी होती.

पट्टी काढून तिला वर्गात पाठवल्यावर मी कपाटातून तिचं कार्ड काढलं. दुसरी, तिसरी, चौथी आणि चार महिन्यांपूर्वीची पाचवी. चारही वेळा माझ्या अक्षरात "दोन्ही डोळे उत्तम", माझी सही, आणि कार्ड घरी पाठवून आणल्यावर खाली तिच्या आईची सही. जन्मापासून एका डोळ्याचा नंबर फार जास्त असला की मेंदू हळूहळू त्या डोळ्याकडे लक्षच देईनासा होतो. लहानपणी सापडलं तर चष्मा आणि पट्टीने डोळा सुधारतो. जितका उशीर, तितकं हातातून निसटत जातं. हे मी नर्सिंगला शिकले आहे, परीक्षेत लिहून मार्क मिळवले आहेत. दुसरीत ती सात वर्षांची होती.

सरकारी इस्पितळात मी तिला आणि तिच्या आईला घेऊन गेले. तपासणारी डॉक्टर तरुण, चटपटीत मुलगी होती. "दोन-तीन वर्षं आधी आणायला हवं होतं," ती म्हणाली. "आता प्रयत्न करू. किती सुधारेल ते सांगता येत नाही. शाळेत डोळे तपासत नाहीत का?"

"तपासतात ना," आईने मी दाखवायला दिलेलं कार्ड पिशवीतून काढून दिलं. डॉक्टरने त्यावरून नजर फिरवली. "ही कार्डं खुर्चीत बसून भरतात हो."

"आमच्या सिस्टर तशातल्या नाहीत," आई लगेच म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं. "ह्यांनीच तर शोधून काढलं."

तिथेच बोलायला हवं होतं. बाई, मी खुर्चीत बसून भरलं नाही, उभं राहून भरलं, पण चुकीचंच भरलं. त्याऐवजी मी कार्ड उचलून माझ्या पर्समध्ये ठेवलं. डॉक्टरने मान डोलावली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मग सुरू झाली पट्टी. चष्मा लावायचा, चांगला उजवा डोळा रोज काही तास बंद ठेवायचा आणि डाव्याकडून जबरदस्तीने काम करून घ्यायचं. वर्गात पोरांनी तिला "डाकू" म्हणायला सुरुवात केली. तिने पट्टी फाडून दप्तरात कोंबली. मी मुख्याध्यापकांशी भांडून तिला मोठ्या सुट्टीत आणि चित्रकला-कार्यानुभवाच्या तासांना माझ्या खोलीत बसवायची परवानगी मिळवली. घरून मणी आणले, सुई-दोरा आणला. ती डाव्या डोळ्याजवळ सुई धरून रडकुंडीला यायची. "सिस्टर, ह्या डोळ्याला येतच नाही," म्हणायची. मी म्हणायचे, "येत नाही म्हणूनच शिकवायचंय." कधी ती सुई फेकायची, कधी मी ओरडायचे. एकदा दोघीही चिडून पंधरा मिनिटं एकमेकींशी बोललो नाही. मग दारात एक पोर कण्हत आलं, तर ही मान वर न करता म्हणाली, "सिस्टर, ह्याला काही झालेलं नाही, आत्ता जिन्यात शिट्टी वाजवत होता." त्याला खरंच काही झालं नव्हतं. आमची गट्टी झाली ती तेव्हा.

पण संध्याकाळी आई न्यायला आली की ती माझा हात हातात घ्यायची, आणि मला तो सोडवून घ्यावासा वाटायचा. देवासारख्या भेटलात, म्हणायची.  खरं काय ते उद्या सांगू, पुढच्या तपासणीनंतर सांगू, असं करत मी महिने काढले. वर्षभर मुलांची खोटी दुखणी पकडणारी बाई मी.

वार्षिक परीक्षेच्या आधी डॉक्टरने पुन्हा तपासलं. डाव्या डोळ्याने ती आता वरच्या चार ओळी वाचते, खऱ्याखुऱ्या वाचते. आणखी एखादी येईल. पूर्ण डोळा येणार नाही, हे डॉक्टरने आईला सरळ सांगितलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना आई माझ्या खोलीत आली. पोर बाहेर मैदानात होती. आईने ओल्या नारळाच्या वड्यांचा डबा टेबलावर ठेवला. "तुमच्यामुळे चार ओळी तरी आल्या, सिस्टर."

आता मात्र मला राहवेना. मी कार्ड काढून तिच्यासमोर ठेवलं. म्हटलं, "ताई, हे अक्षर माझं आहे. चार वर्षं मी हिचा डोळा चांगला आहे असं लिहिलंय. मी नीट तपासलं असतं तर हिला सगळ्या ओळी वाचता आल्या असत्या. तुम्ही मला वड्या देऊ नका. मला बोला, काय बोलायचं ते."

तिने कार्डाकडे पाहिलंच नाही. "मला वाचता येतं, सिस्टर," ती म्हणाली. "दरवर्षी सही करताना वाचलं होतं, त्या डॉक्टरकडे काढून दिलं तेव्हा पुन्हा वाचलं." आणि मग तिचा आवाज बदलला, गावचा झाला. "तुमी वर्साक एक डाव बघलास. ती पाच वर्सांची होयपर्यंत मी रोज सकाळी तिच्या डोळ्यांत काजळ घातलंय. दोनय डोळ्यांत. एवढ्या जवळसून. माका खंय कळला?"

ती खाटेवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. तुमची काय चूक, असं मी म्हणणार होते, पण तिने मला तेच म्हटलं असतं तर मी ऐकलं नसतं. मी दार लोटून घेतलं आणि तिच्या शेजारी बसले.