तळहातांची ऊब

मालिश शिकून तोच व्यवसाय करायचं ठरवलं आणि तीन संस्थांची माहितीपत्रकं पसरून बसले. कुठे मुदत कमी, कुठे प्रमाणपत्र भारी. काही केल्या ठरेना. शेवटी स्वतःच जाऊन बघितलं.

तिसऱ्या ठिकाणी शिकवणाऱ्या बाईंनी विद्यार्थिनीच्या पाठीला हात लावण्याआधी आपले तळहात खसाखसा चोळले. मला म्हणाल्या, "गार हात लागला की अंग दचकतं गं!"

एवढंसंच, पण कुठल्याच पत्रकात छापलेलं नव्हतं. मुलांना उठवताना, सासूबाईंचे गुडघे चोळताना मी आजवर गारच हात लावत आले की!

संध्याकाळी ह्यांची मान अवघडली होती. पाठीमागे उभी राहून, त्या बाईंची गोष्ट सांगत मी तळहात चोळू लागले. आवाज ऐकून हे हसले, "म्हणजे ठरलं तर!"