सातवं मोहफूल

आमच्या घराण्याचे देव पिढ्यान्‌पिढ्या सहा होते. मी कपबशीच्या शोभेसाठी ते सात केले.

झालं असं, की मोहर्लीच्या एका महागड्या रिसॉर्टात चिनीमातीच्या बशीवर मुकुट, सिंह आणि गुलाब पाहिले. कुण्या राजघराण्याचं चिन्ह म्हणे! आमच्या सुनीताची सोयरीक ठरवायला सिंदेवाहीचे पाहुणे येणारच होते. म्हटलं, आपण काय कमी? (सगळंच कमी होतं. पण हे बायको म्हणते, मी नाही.)

चंद्रपुरात कपांवर चित्रं छापणाऱ्या सलीमभाईंना मी आमचं राजचिन्ह सांगितलं. ढालीवर वाघ, भोवती सहा मोहफुलं. एक फूल म्हणजे एक देव!

"भाऊ, तीन इकडं, तीन तिकडं झाले. वाघाच्या डोक्यावर जागा खाली दिसून राह्यली. एक फूल और डाल दूं? एकदम शाही!"

"टाका!" मीही शाही आवाजात म्हणालो.

वाघ कावीळ झालेल्या मांजरासारखा उतरला. फुलं मात्र झकास!

पाहुणे आले. नवरदेवाच्या काकांच्या हातात कप देऊन मी, कुणी विचारलं नसताना, व्याख्यान सुरू केलं.

"काकाजी, ही नुसती शोभा नाई. एकेक फूल म्हणजे आमचा एकेक देव!"

"अन् हे मांजर?"

"वाघ हाये तो."

"असंन बा." काकांनी कप फिरवत फुलं मोजली. पुन्हा मोजली. "सात?"

"सात!" मी छाती फुगवली.

"आमचे बी सातच." त्यांनी कप खाली ठेवला. आमच्यात ज्यांच्या देवांचा आकडा सारखा, ते भाऊबंद; तिथं लग्न होत नाही. "मंग पोरगा-पोरगी बहीण-भाऊ झाले नं! जोहार, निंगतो आमी."

नवरदेवाला चहाचा ठसका लागला. आतून सुनीता किंचाळली, "बाबा!"

"थांबा काकाजी! वरचं फूल शोभेचंच हाये!"

"आत्ताच तं म्हणलं, शोभा नाई म्हणून! अन् शोभेसाठी देव वाढवते का कोणी?"

मी वाघाकडं पाहिलं. तोही तोंड लपवत होता.

तेवढ्यात बायको पदर खोचून बाहेर आली. "बसा भाऊजी. माह्या माहेरचे देव सात. याइचे बी सातच असते, तं मी याइच्या हातून वाचली नसती का?"

काका हसत हसत खाली बसले आणि कप पुन्हा उचलला.

"सोयरीक पक्की, बाई. फक्त लग्नाची पत्रिका याइले छापू देऊ नोका."