चाखेल त्यानेच मीठ टाकावं

हातातलं काम पुरं होईस्तोवर शिंकसुद्धा थोपवून धरणारा माणूस साऱ्या नागपुरात एकच, आणि तो मिहानमधल्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. आम्ही कंपायलर बनवतो. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत जाण्याआधी एका मधल्या भाषेत उतरतो. त्या मधल्या भाषेतल्या ‘ॲटॉमिक’ सूचना हे याचं खातं. म्हणजे मेमरीतली किंमत पाहायची आणि बदलायची, पण एका दमात. मध्ये दुसऱ्या कोणाला बोट घालू द्यायचं नाही. हेच तत्त्व त्याने घरादाराला लावलं होतं. संत्रं सोलायला घेतलं की शेवटची फोड तोंडात जाईपर्यंत कोणाला उत्तर नाही. एकदा मोठे साहेब पाठीशी येऊन उभे राहिले, तर हा डोळ्यांनीच ‘थांबा’ म्हणाला, आणि ते थांबलेही!

उमरेडला त्याच्या घरी जेवायला गेलो होतो. आईने डाळ चाखली, अळणी. बहिणीने चाखली, अळणी. आई मीठ काढायला वळली तेवढ्यात बहीण टाकून गेली, मग आईनेही टाकलं. आम्ही घासाघासाला पाणी पितोय आणि याला आनंदाचं भरतं. “आमच्या कामातली चूक हेच आहे गा! पाहणं अन् टाकणं यात फट राहिली का दुसरा घुसते.” तेव्हापासून त्या घरात हातात मीठ घेतल्याशिवाय डाळ चाखायला बंदी आहे.

एवढ्या शहाण्याच्या घोड्याने पेंड खाल्ली ती प्रेमात. आमच्याच ऑफिसात टेस्टिंगला असलेली, खापा गावची एक मुलगी त्याला मनापासून आवडायची. तिचं लग्न कुठे ठरलेलं नाही, याची दर सोमवारी तिच्या मैत्रिणीकडून खात्री करून घ्यायचा आणि विचारायचं मात्र पुढच्या आठवड्यावर ढकलायचा. एका शनिवारी त्याच मैत्रिणीने मला सांगितलं, उद्या तिला पाहायला पाहुणे येताहेत आणि घरच्यांचा होकार जवळपास ठरलेला आहे. मी ते याच्या कानावर घातलं तेव्हा याचा चेहरा पडला.

“मी तं सोमवारीच पाहिलं होतं!”

“मंग तवाच काहून नाही विचारलं गा?”

“भेव वाटे.”

त्याला गाडीवर मागे बसवलं आणि तडक खापा गाठलं. दार तिनेच उघडलं. नमस्कार नाही, प्रस्तावना नाही.

“तू अजून कोणाले हो म्हटलं नसशीन, तं मले म्हण.”

एका दमात. मध्ये सुई शिरायला जागा नाही. ती हसली.

“नाही म्हटलं कोणाले. तुलेच म्हणते, हो. आता घरात ये अन् बाबाले तूच सांग.”

बाबांनी तासभर घाम काढला, पण मानले. लग्न झालं, दोघांनाही पुण्यात नोकरी मिळाली आणि दोघंही मजेत आहेत. गाडी मीच काढली होती, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करू? शेजारच्या टेबलावर नवा माणूस आलाय. हुशार आहे, मनमिळाऊ आहे. तरी दुपारी डबा उघडताना माझी मान अजून तिकडेच वळते, आणि मला त्याची फार आठवण येते.